पेंढारी : दुसऱ्या जगातून न आलेले लुटारू

१/ काल्पनिक कथांच्या आणि खेळांच्या जगात लुटारूंची एक जमात हमखास भेटते. एके दिवशी आकाशाला चीर पडते, दुसऱ्या मितीतून स्वार उतरतात, गावे लुटतात, माणसे ओढून नेतात आणि आले तसे नाहीसे होतात. त्यांना शेत नसते, गाव नसते, आईबाप नसतात. लुटणे हाच त्यांचा स्वभाव, असे गृहीत धरलेले असते. बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीने दोन शतकांपूर्वी अशाच स्वारांचा धसका घेतला होता. त्यांना पेंढारी म्हणत. हा धागा त्यांच्याविषयी आहे. आणि ज्या दारातून ते आले, ते दार कोणी उघडले होते याविषयीही.

२/ आधी कल्पनेतल्या लुटारूंविषयी थोडेसे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या प्रसिद्ध खेळात 'गिथयांकी' नावाची जमात आहे. १९८१ साली 'फिंड फोलिओ' या पुस्तकातून ती खेळात आली. तिचा निर्माता चार्ल्स स्ट्रॉस, जो पुढे विज्ञानकथालेखक म्हणून नावारूपाला आला. गिथयांकी चंदेरी तलवारी घेऊन, तांबड्या ड्रॅगनांवर बसून एका जगातून दुसऱ्या जगात धाडी घालतात. या जमातीच्या कथेतला एक तपशील मात्र खेळाच्या धामधुमीत विसरला जातो. हे लुटारू मुळात गुलाम होते. दुसऱ्या एका बलाढ्य जमातीने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवले होते. कल्पनेतल्या लुटारूंनासुद्धा इतिहास द्यावा लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

३/ परक्या जगातून येणाऱ्या संकटाची कथा बुलढाण्याला नवी नाही. लोणारचे सरोवर उल्कापाताने झाले, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, हे शास्त्र सांगते. लोककथा सांगते की तेथे भूमीखाली लोणासुर राहत असे. वर येऊन लोकांना छळत असे आणि पुन्हा भूमीखाली दडत असे. विष्णूने त्याचा वध केला, म्हणून लोणारात दैत्यसूदनाचे मंदिर आहे. या कथेतही एक सूचक तपशील आहे : असुराचा ठाव विष्णूला त्याच्या स्वतःच्या बहिणींकडून कळला. घराचे दार आतल्या माणसाला ठाऊक असते. पेंढाऱ्यांच्या इतिहासाचे सारही जवळजवळ हेच आहे.

४/ त्यासाठी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाण्याचे दोन भाग केले आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद : पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कसदार जमीन. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा : पठारी मुलूख. उत्तरेला सातपुडा. त्या सातपुड्याच्या भिंतीला बऱ्हाणपुराजवळ एक खिंडार आहे आणि त्यावर असीरगडचा पहारा. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजा शतकानुशतके याच वाटेने आल्या, म्हणून असीरगडाला 'दख्खनचा दरवाजा' म्हणत. बऱ्हाणपूरहून मलकापूर हे चपळ घोडेस्वाराला एका दिवसाचे अंतर. दुसऱ्या मितीचे दार शोधायचेच असेल, तर ते येथे होते.

५/ या दारातून आणि या घाटांवरून कोण कोण गेले? १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमधल्या निजामशाहीचा पाया घातला. १७५७ च्या अखेरीस सिंदखेड येथे पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा भिडल्या. १७६१ मध्ये मलकापूरने रघुनाथरावाच्या फौजेला ६०,००० रुपये मोजले. गाव लुटू नये, एवढ्यासाठीच. १७६९ मध्ये माधवराव पेशवे नागपूरकर भोसल्यांवर चालून गेले, तेव्हा मेहकरास तळ पडला. मलकापूरच्या व्यवहाराकडे पुन्हा एकदा पाहावे. हे पैसे पेंढाऱ्यांना दिलेले नव्हते. एका नामांकित सरदाराच्या, निशाण लावून चाललेल्या फौजेला दिलेले होते.

६/ वऱ्हाडच्या रयतेला त्या काळी दोन धनी होते. निजामाची सत्ता आणि नागपूरकर भोसल्यांचा हक्क, या व्यवस्थेला 'दोअमली' म्हणत. चौथ, सरदेशमुखी आणि 'घासदाणा' मिळून वसुलाचा मोठा वाटा भोसल्यांकडे जाई, उरलेला निजामाकडे. घासदाणा हा शब्द मनात ठेवावा. घोड्यांसाठी घास आणि दाणा, या नावाने घेतलेली ही वसुली. १७६९ च्या कनकापूरच्या तहात पेशव्यांनी भोसल्यांच्या घासदाण्यावर निर्बंध घातले, इतका तो जाचक झाला होता. फौजेच्या घोड्याने शेतकऱ्याच्या गंजीतून खावे, ही रीत पेंढाऱ्यांच्याही आधी रूढ झालेली होती.

७/ आता नावाकडे वळू. 'पेंढारी' शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. कोणी तो ज्वारीपासून केलेल्या एका मद्याच्या नावाशी जोडतात, कोणी पेंढ्याशी, म्हणजे वैरणीच्या पेंढ्या आणणाऱ्या लोकांशी. व्युत्पत्ती कोणतीही असो, काम स्पष्ट होते. मराठी फौजांबरोबर बाजारबुणगे चालत, बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे चालत; त्याच पसाऱ्यात हे हलके घोडेस्वारही चालत. शत्रूच्या मुलखात घुसून वैरण आणावी, रसद तोडावी, गावे जाळून प्रतिपक्षाची उपासमार करावी, पळणाऱ्यांचा पाठलाग करावा, असे त्यांचे काम. पानिपतच्या मोहिमेतही त्यांची पथके होती.

८/ त्यांना पगार नसे. सगळी मेख येथे आहे. शिलेदाराला नेमणूक असे, बारगिराला सरकारी घोडा आणि वेतन असे. पेंढाऱ्याला फक्त परवानगी असे. लुटीतून जे मिळेल त्यावर त्याने जगावे आणि त्यातला वाटा 'पालपट्टी' म्हणून सरदाराला द्यावा. सरकारला एक पैसा न खर्चता फौज मिळे, वर उत्पन्नही होई. शिंद्यांच्या आश्रयाखालचे ते शिंदेशाही पेंढारी, होळकरांच्या आश्रयाखालचे होळकरशाही. ज्यांना पुढे 'कोणाचेच नसलेले' लुटारू म्हटले गेले, त्यांच्या नावातच धन्याचे नाव होते.

९/ याउलट चिपळूणजवळ दळवटणे येथील छावणीच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण, लाकूड, भाजीपाला जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, कुणब्याच्या घरातून काही आणू नये; नाहीतर मोगल बरे होते असे रयत म्हणेल, असा त्या पत्राचा आशय. हे पत्र नुसत्या दयाबुद्धीचे नाही. त्यामागे खजिन्यातून वेतन देण्याची व्यवस्था उभी होती आणि मोहिमेतली लूट सरकारजमा करण्याचा दंडक होता. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेडच्या परिसरानेच पुढे बिनपगारी फौजांची लूट पाहावी, यात एक कटू विरोधाभास आहे. शिपायाचा पगार बंद झाला की तो शेतकऱ्याच्या घरात शिरतो. मग निशाण कोणाचेही असो.

१०/ १८०३ हे वर्ष या कथेचा सांधा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजा अजिंठ्याच्या घाटाने वर चढल्या. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. असई आजच्या जालना जिल्ह्यात, बुलढाण्याच्या शेजारी. २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गमावला आणि तो संपूर्णपणे निजामाकडे गेला. याच सुमारास भीषण दुष्काळ पडला. फौजांनी आधीच मोकळी केलेली पेवे पुन्हा भरली नाहीत. विणकरांचे समृद्ध गाव म्हणून नावाजलेले मेहकर याच काळात खचले.

११/ युद्ध संपले, फौजा मोडल्या. तैनाती फौजेच्या तहांनी संस्थानिकांना स्वतःची मोठी फौज बाळगण्याची गरजही उरली नाही आणि ऐपतही. ज्यांना भाला आणि घोडा यांखेरीज दुसरी विद्या नव्हती असे हजारो लोक रिकामे झाले. दुष्काळाने जमीन सुटलेले शेतकरी त्यांत मिळाले. नर्मदेच्या काठी नेमावर, सातवासच्या परिसरात पेंढाऱ्यांचे तळ फुगत गेले. त्यांत पठाण होते, जाट होते, मराठे होते, गोंड होते. हिंदू होते, मुसलमान होते. १८२३ साली मध्य हिंदुस्थानाविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या जॉन माल्कमनेही हे बहुरंगी स्वरूप नोंदवले आहे. ही जमात रक्ताने बनलेली नव्हती. ती रिकाम्या पोटांनी आणि बुडालेल्या पगारांनी बनलेली होती.

१२/ या सगळ्यांचा सर्वांत नामांकित नायक चितू. दिल्लीजवळच्या मेवातात जाट कुळात जन्मलेले हे मूल दुष्काळात विकले गेले. एका पेंढारी सरदाराने ते विकत घेतले आणि घरात वाढवले. मोठेपणी त्याच टोळीचे नेतृत्व त्याच्याकडे आले. दौलतराव शिंद्यांनी त्याला 'नवाब' हा किताबही दिला. गिथयांकींच्या कल्पित कथेतला तो विसरलेला तपशील येथे खऱ्या माणसाच्या चरित्रात उभा आहे. दुष्काळाने विकलेले पोर पुढे इतरांच्या गावांत दुष्काळ घेऊन आले. हे सांगितल्याने चितूचे एकही कृत्य माफ होत नाही. मात्र 'ते जन्मतःच तसे' हे वाक्य यापुढे कोणाला उच्चारता येऊ नये.

१३/ त्यांची कार्यपद्धती नेमकी होती. पावसाळाभर तळावर राहायचे, दसऱ्याला जमायचे, नद्यांना उतार मिळाला की निघायचे. हजार स्वारांत सुमारे चारशे चांगल्या घोड्यांवर, हाती १२ ते १८ फुटी भाले. दर पंधरा जणांमागे एखाद्याकडे तोड्याची बंदूक. उरलेले तट्टांवर, मिळेल ते हत्यार घेऊन. तंबू नाहीत, सामान नाही; स्वतःसाठी चार भाकऱ्या आणि घोड्यासाठी थोडा दाणा. दिवसाला ४० ते ५० मैलांची, म्हणजे ६५ ते ८० किलोमीटरची मजल. लढाई टाळायची, लुटायचे, पांगायचे, ठरल्या जागी पुन्हा जमायचे. गावकऱ्याला ते आकाशातून पडल्यासारखे वाटत, ते या वेगामुळे. बातमी पोहोचण्याआधी घोडे पोहोचत.

१४/ १८१५ च्या ऑक्टोबरात सुमारे ८,००० स्वारांनी नर्मदा ओलांडली. निजामाच्या मुलखातून ते थेट कृष्णेपर्यंत गेले. नदीला पाणी होते म्हणून पलीकडचा प्रदेश वाचला. परतताना ते गोदावरी आणि वर्धेच्या काठाने आले. पुढच्याच वर्षी, १८१६ च्या मार्चमध्ये, दुसरी स्वारी पूर्व किनाऱ्यावरच्या गुंटूर भागात उतरली. कंपनी सरकारने नंतर केलेल्या चौकशीचे आकडे असे : अवघ्या १०-१२ दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे मारली गेली, ५०५ जबर जखमी झाली आणि ३,६०३ जणांचा छळ झाला. पुरलेले धन कोठे आहे हे वदवून घेण्यासाठी गरम राखेने भरलेला तोबरा तोंडाला बांधत.

१५/ हे आकडे नीट वाचले पाहिजेत. मारलेल्यांपेक्षा छळलेल्यांची संख्या वीस पटींनी मोठी आहे. म्हणजे हा बेभान संहार नव्हता. ती वसुली होती, पावती नसलेली. वऱ्हाडातल्या गावांसाठी असा हिशेब कोणी मांडला नाही. निजामाच्या मुलखातली गावे लुटली गेली तर चौकशी समिती बसत नसे. कंपनीच्या जिल्ह्याला झळ लागली तेव्हा ती बसली. इतिहासात ज्यांचे दुःख मोजले जाते आणि ज्यांचे मोजले जात नाही, त्यांच्यातला फरक बहुधा दुःखाच्या आकारमानाचा नसतो. कागद कोणाकडे होता, यावर तो ठरतो.

१६/ आणखी एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. लुटलेल्या मालाचे पुढे काय होई? पेंढारी सोने खात नव्हते, रेशीम पांघरून शेती करत नव्हते. १८१५ ची स्वारी नेमावरला परतली तेव्हा लूट इतकी होती, की ती विकत घ्यायला दूरदूरचे व्यापारी बोलावले गेले. कोणीतरी ती स्वस्तात घेतली आणि दुसऱ्या बाजारात सभ्य भावाने विकली. एखाद्या दूरच्या पेठेतल्या सावकाराच्या तिजोरीत गेलेल्या दागिन्याला रक्ताचा वास येत नव्हता. पालपट्टी घेणारा सरदार आणि लूट खरेदी करणारा व्यापारी, दोघेही आपापल्या गावी प्रतिष्ठित गृहस्थ होते.

१७/ आता गावाच्या बाजूने पाहावे. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत आजही गढी दिसते : पांढऱ्या मातीचा उंच ढिगारा, ढासळलेले बुरूज, कोठे एखादा दरवाजा शाबूत. धुळीचा लोट दिसला की माणसे पोरेबाळे, दाणागोटा घेऊन अशा भिंतींच्या आत धावत. पण गढी देशमुखाची वा पाटलाची असे. वेशीवर पहारा देणारा वेसकर महार, आणि त्याची वस्ती मात्र वेशीबाहेर. धाड आली की तिच्यापुढे पहिला उभा तो; भिंतीआड जागा मिळणाऱ्यांत शेवटचा तो. पेंढाऱ्यांच्या कथेत वीर शोधायचाच असेल तर तो या वेशीवर शोधावा. त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही.

१८/ येथे वऱ्हाड-नागपूरच्या वाचकाला थोडे अवघड वाटेल असे सत्य सांगणे भाग आहे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. तेथील लोक त्यांना 'बर्गी' म्हणत. हा 'बारगीर' शब्दाचाच बंगाली अवतार. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात त्या लुटीचे वर्णन केले आहे. आजही बंगालमध्ये बाळाला झोपवताना गायल्या जाणाऱ्या अंगाईत बर्गींची भीती जिवंत आहे. म्हणजे पेंढाऱ्यांना भ्यालेल्या याच मुलखाचे स्वार कोण्या दुसऱ्या मुलखाच्या पाळण्यात राक्षस होऊन बसले आहेत. प्रत्येक मुलखाचे परग्रहवासी हे दुसऱ्या मुलखाचे गाववाले असतात.

१९/ १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने पेंढाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. पेंढाऱ्यांची संख्या २० ते ३० हजारांच्या घरात धरली जाई. त्यांच्यासाठी सुमारे १,२०,००० सैन्य आणि ३०० तोफा गोळा झाल्या. एवढा मोठा घण पेंढाऱ्यांपुरता नव्हता. ५ नोव्हेंबरला शिंद्यांशी तह झाला, त्याच दिवशी पुण्याजवळ खडकीची लढाई. २६-२७ नोव्हेंबरला नागपुरात सीताबर्डी. २१ डिसेंबरला महिदपूर. नागपूरकडे निघालेल्या जनरल डव्हटनचा तळ त्या वर्षी मेहकरास पडला होता. लुटारूंचा बंदोबस्त संपला तेव्हा मराठी सत्ताही संपली होती. 'राक्षस' नेहमी उपयोगी पडतो. त्याच्या नावाने उभारलेली फौज नंतर कोठेही वळवता येते.

२०/ पेंढारी नायकांचे पुढे काय झाले? ज्याच्या फौजेभोवती पेंढाऱ्यांचे थवे जमत, तो पठाण सरदार अमीरखान इंग्रजांशी तह करून टोंकचा नवाब झाला. त्याचे संस्थान स्वातंत्र्यापर्यंत टिकले. करीमखान १८१८ मध्ये शरण आला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. वासिल मुहम्मदला शिंद्यांनी इंग्रजांच्या हवाली केले. पळून जाण्याचा प्रयत्न फसल्यावर त्याने विष घेतले. चितू असीरगडाजवळच्या रानात एकटा भटकत राहिला. १८१९ मध्ये त्याचा घोडा खोगिरासह चरताना सापडला. खोगिरात थोडे पैसे, मुद्रेच्या अंगठ्या आणि आप्पासाहेब भोसल्यांची पत्रे. धनी वाघाच्या तोंडी गेला होता. ज्या दरवाजातून त्याचे स्वार दख्खनेत उतरत, त्याच्याच उंबरठ्यावर तो संपला.

२१/ ज्याला वेळेवर तह साधला तो नवाब, ज्याला साधला नाही तो दरोडेखोर. राज्य आणि टोळी यांच्यातली रेषा किती बारीक आहे, हे अमीरखान आणि चितू यांना शेजारी उभे केले की दिसते. आणि सामान्य पेंढारी? हजारो जण कुठेतरी नांगर धरून बसले, गावांत मिसळले, नाहीसे झाले. दुसऱ्या मितीत गेले नाहीत. शेजारच्या शिवारात गेले. ज्यांचा स्वभावच लुटीचा, ते एका हंगामात शेतकरी होऊ शकत नाहीत. हे झाले, याचा अर्थ तो स्वभाव नव्हता. तो धंदा होता आणि दुसरा धंदा मिळताच तो सुटला.

२२/ माणसे मिसळून गेली, पण कागदावर 'जमात' जन्माला आली. १८३९ च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या मेडोज टेलरच्या कादंबरीने ठगांबरोबर पेंढाऱ्यांनाही युरोपच्या वाचकांसमोर नेले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. माणूस जन्माने गुन्हेगार असू शकतो, हे त्यामागचे गृहीतक. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर लिहिलेल्या ग्रंथात 'पिंडारी' हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. एकेकाळी जो व्यवसाय होता, तो शंभर वर्षांत वंश ठरला. काल्पनिक जमाती कादंबरीकारच निर्माण करतात असे नाही. जनगणना आणि कायदेही करतात.

२३/ त्या कायद्याचा घाव इतरांवर अधिक खोल पडला. पारधी आणि अशा अनेक समाजांना पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांच्या हजेरीत उभे राहावे लागले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. बुलढाण्याच्या परिसरात आजही चोरी झाली की पहिले बोट कोणत्या पालांकडे वळते, हे सांगण्याची गरज नाही. पेंढाऱ्यांविषयी बोलणे हा म्हणूनच जुन्या धुळीचा विषय राहत नाही. 'त्यांच्या रक्तातच आहे' या वाक्याचा जन्म कसा होतो, ते वाक्य कोणाच्या सोयीचे असते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे त्यातून उमगते.

२४/ उलट दिशेचा मोहही टाळावा. २०१० च्या 'वीर' या हिंदी चित्रपटाने पेंढाऱ्यांना मातृभूमीसाठी लढणारी स्वाभिमानी शूर जमात करून टाकले. खलनायकाचा नायक केला, पण 'जमात' तशीच ठेवली. राक्षस म्हणा वा देवदूत म्हणा, दोन्हींत एक सोय आहे : मग परवानगी, पालपट्टी, बुडालेला पगार, दुष्काळ आणि नेमावरचा बाजार यांच्याविषयी बोलावे लागत नाही. गुंटूरच्या त्या ३,६०३ जणांना आणि दुष्काळात विकल्या गेलेल्या त्या मेवाती पोराला एकाच इतिहासात जागा देणे कठीण आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम तेवढेच आणि तेच आहे.

२५/ पेंढारी गेले म्हणून वऱ्हाडची रयत सुखी झाली का? पुढची ३५ वर्षे निजामाच्या इजारदारांनी वसूल केला. जास्त बोली लावणाऱ्याला परगणा मिळे आणि बोलीची रक्कम शेतकऱ्याच्या कणगीतून भरून निघे. १८५३ मध्ये कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चाच्या बदल्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. म्हणजे तेव्हाही प्रश्न फौजेच्या पगाराचाच होता. फक्त आता तो गावाच्या वेशीवर न सुटता तहाच्या कागदावर सुटला. भाल्याच्या टोकाने येणारी लूट दिसते. सही-शिक्क्याने येणारी लूट दिसायला वेळ लागतो.

२६/ शेवटी पुन्हा त्या गढीपाशी यावे. बुलढाण्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळी पोरे त्या पांढऱ्या ढिगाऱ्यावर खेळत असतात. आजोबांना विचारले तर ते सांगतात, येथे पेंढारी येत. कुठून येत, असे विचारले तर हात उत्तरेकडे, सातपुड्याकडे जातो. त्या हाताच्या दिशेने पाहावे. मात्र दृष्टी डोंगरापाशी थांबू देऊ नये. त्या वाटेवर असीरगड आहे, त्यामागे नर्मदेकाठचा बाजार आहे, त्यामागे पगार न देणारा दरबार आहे, आणि त्याही मागे दुष्काळात मूल विकणारी एक आई आहे.

आकाशाला चीर कधी पडली नव्हती. दार होते, ते माणसांनी उघडले होते, आणि त्याच्या किल्ल्या प्रतिष्ठितांच्या कमरेला होत्या.

(धागा समाप्त. ज्यांच्या गावात गढी, जुनी वेस किंवा पेंढाऱ्यांची एखादी आठवण शिल्लक आहे, त्यांनी ती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावी. भिंतींच्या आधी आठवणी ढासळतात.)